दाराशी आलेले मांजर : दया आणि जबाबदारी



आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रसंग घडलेला असेल. पावसाळ्याचे दिवस असतात आणि एक अनोळखी मांजर पडवीत येऊन बसते. हाकलले तरी ते जात नाही, जवळ गेले तर पळत नाही, उलट पायाला अंग घासते. मुले त्याला बांगड्याचे डोके टाकतात. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच वेळी हजर होते. आठवडाभरात घरात विषय निघतो : याला ठेवायचे की नाही?

दोन वर्षांपूर्वी आमच्या कोकणातल्या गावातील एका वयस्कर खालांनी मगरिबच्या नमाजनंतर मला ओटीवरून हाक मारून हेच विचारले. ‘‘इमामसाहेब, हे मांजर काही जात नाही. घरात घेतले तर चालेल का?’’ मी घाईत होतो. ‘‘घ्या, खाला. मांजर नापाक नाही. सवाबच मिळेल,’’ एवढे बोलून पुढे गेलो. माझे उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धे होते. त्या अर्ध्या उत्तराचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी उरलेले अर्धे उत्तर पाहू.

मांजर पाक आहे का?

या विषयावरील प्रसिद्ध हदीस हजरत कब्शा (रजि.) यांच्याकडून आली आहे. त्यांचे सासरे हजरत अबू कतादा (रजि.) घरी आले असता त्यांनी वुजूसाठी पाणी ठेवले. तेवढ्यात एक मांजर पाणी प्यायला आले. अबू कतादा (रजि.) यांनी त्याला नीट पिता यावे म्हणून भांडे कलते केले. सून आश्चर्याने पाहत आहे हे लक्षात येताच त्यांनी तिला प्रेषितांची (स.) शिकवण सांगितली : मांजर नापाक नाही, ते तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे. ही हदीस अबू दाऊद, तिर्मिजी, नसाई आणि इब्ने माजा या चारही संग्रहांत आहे.

‘वावरणारे’ या अर्थाचा जो अरबी शब्द येथे आला आहे, त्याच धातूतला शब्द पवित्र कुरआनच्या सूरह नूरमध्ये घरात सतत ये-जा करणाऱ्या माणसांसाठी आला आहे. ज्याची ये-जा रोखता येत नाही, त्याच्या बाबतीत शरीअतने माणसाला अडचणीत टाकलेले नाही.

तपशिलात मात्र मतभेद आहेत. कोकणातले आपण बहुतेक शाफई, तर घाटावरचे बांधव बहुतेक हनफी. शाफई मतानुसार मांजराचे उष्टे पाणी पाक आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते दुसरे पाणी उपलब्ध असताना ते वापरणे सौम्य मकरूह आहे. गळालेल्या केसांबाबत उलट स्थिती आहे : हनफींकडे ते पाक आहेत, तर शाफईंकडे नापाक; परंतु थोडे केस माफ आहेत. म्हणून नमाजपूर्वी कपडे झटकावेत, पण वसवसा करून घेऊ नये. मांजराचे मूत्र व विष्ठा दोन्ही मतांनुसार नापाकच आहेत; मुसल्ल्यावर घाण झाली तर तो धुवावाच लागेल.

येथे एक सावधगिरीही हवी. मांजरावर प्रेम करणे हा ईमानचा भाग आहे, असे एक वाक्य हदीस म्हणून फिरत असते. हदीसच्या जाणकारांनी ते बनावट ठरविले आहे. झोपलेल्या मांजरासाठी प्रेषितांनी (स.) आपली बाही कापली, ही गोष्टही हदीसच्या विश्वसनीय ग्रंथांत सापडत नाही. दयेची शिकवण सिद्ध करण्यासाठी आपल्याला रचलेल्या कथांची गरज नाही. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे उदाहरण पुरेसे आहे. तिर्मिजीतील उल्लेखानुसार ते घरची बकरी चारीत असत. त्यांचे एक लहान मांजर होते. रात्री ते त्याला झाडावर ठेवीत आणि दिवसा सोबत नेऊन त्याच्याशी खेळत. त्यावरूनच त्यांना हे नाव पडले.

दोन वाटा योग्य, तिसरी घातक

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत त्या स्त्रीची हदीस आहे, जिला एका मांजरामुळे शिक्षा झाली. तिने मांजर कोंडून ठेवले, कोंडलेल्या अवस्थेत त्याला खाऊपिऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे खाऊन जगावे म्हणून सोडलेही नाही.

वाचकहो, या हदीसची रचना लक्षपूर्वक पाहा. तिच्यापुढे दोन वाटा खुल्या होत्या. मांजर ठेवायचे तर पोसायचे. पोसायचे नसेल तर मोकळे ठेवायचे. या दोन्हींपैकी कोणतीही वाट तिने धरली असती तरी ती त्या पकडीत आली नसती. गुन्हा घडला तो तिसऱ्या वाटेवर, म्हणजे दार बंद केले पण जबाबदारी घेतली नाही.

यातून एक दिलासा मिळतो आणि एक इशाराही. दिलासा असा की दाराशी आलेले प्रत्येक मांजर घरात घेणे शरीअतने आपल्यावर बंधनकारक केलेले नाही. ओटीबाहेर एका वाटीत पाणी आणि उरलेले अन्न ठेवले, तरी ते सत्कृत्यच आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाच्या हदीसमध्ये प्रत्येक सजीवाच्या सेवेत सवाब असल्याचे सांगितले आहे. इशारा असा की ज्या दिवशी आपण त्याची मोकळीक काढून घेतो, त्या दिवसापासून त्याची भूक हा आपल्या हिशेबाचा विषय होतो.

फुकहांनी हा विचार किती बारकाईने केला आहे पाहा. मालिकी फिकहच्या ग्रंथांत एका आंधळ्या मांजराचा प्रश्न आला आहे. ते कुणाच्या घरी येऊन राहिले आणि आता तेथून जाऊ शकत नसेल, तर त्या घरमालकावर त्याला पोसणे वाजिब ठरते. त्याने ते विकत आणले नाही, बोलावलेही नाही. तरीही ते दुसरीकडे जाऊ शकत नाही, एवढ्यानेच जबाबदारी येते. मग ज्या मांजराचे डोळे शाबूत आहेत, पण वर्षभर घरात ठेवून आपणच ज्याची शिकारीची सवय मोडली, त्याचा विचार आपण कसा करायचा? हे फुकहांचे वाक्य नव्हे, माझे अनुमान आहे. परंतु ज्याने हृदय साफ ठेवले आहे त्याला ते पटेल असे वाटते.

निर्णयापूर्वी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न, ते कुणाचे आहे का? लळा लावणारे मांजर बहुधा माणसांत वाढलेले असते. आधी मोहल्ल्यात चौकशी करावी. दुसऱ्याचे मांजर आपले म्हणून ठेवता येत नाही.

दुसरा, घरातील सर्वांची तयारी आहे का? कुणाला दम्याचा त्रास आहे का? घरात गर्भवती स्त्री असेल तर मांजराची विष्ठा तिने साफ करू नये, त्यातून गर्भाला अपाय करणारा संसर्ग होऊ शकतो. शेजाऱ्याचा हक्कही विसरू नये. आपले मांजर त्याच्या स्वयंपाकघरात शिरत असेल, तर आपल्या पुण्याचा खर्च तो भरत आहे.

तिसरा, उपचाराचा खर्च झेपेल का? मांजरामुळेही रेबीज होऊ शकतो, म्हणून त्याला पशुवैद्याकडून लस द्यावी. ते चावले वा त्याने ओरबाडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पिलांचे काय करणार हेही आधीच ठरवावे. नसबंदी हनफी फुकहांनी हिताच्या कारणास्तव वैध मानली आहे, शाफई ग्रंथांत भूमिका कडक आहे. आपल्या मुफ्तींना विचारावे. मात्र पिले पोत्यात घालून मासळी बाजारात किंवा नदीपलीकडे सोडून येण्याला कोणत्याही मसलकमध्ये आधार नाही.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा, मी येथे किती दिवस आहे? नोकरी, मुलांचे शिक्षण, मुंबई, आखात : आपल्या घरांना कुलूप लागायला वेळ लागत नाही. जायचे नक्की असेल तर मांजराला अंगणातलेच राहू द्यावे, किंवा पुढे सांभाळणारा माणूस आधी ठरवून मगच घरात घ्यावे.

अर्ध्या उत्तराचे काय झाले

हा चौथा प्रश्न मी त्या खालांना विचारला नव्हता. त्यांनी मांजर घरात घेतले आणि मनापासून सांभाळले. रात्री दार लावून त्याला उशाशी झोपवीत. हिवाळ्यात मुलगा आला आणि त्यांना मुंब्र्याला घेऊन गेला. खोली लहान होती. मांजर मागे राहिले. दोष त्यांचा म्हणवत नाही, त्यांनी तर विचारले होते. काही दिवसांनी फजरला जाताना मला ते कुलूपबंद दारासमोर बसलेले दिसले. पोट आत गेले होते. दार आतून उघडेल या भरवशावर ते बसून होते.

मी त्याला उचलून घरी आणले. आज ते आमच्याकडे आहे आणि मी बाहेरगावी निघालो की आधी त्याच्या जेवणाची सोय करतो. त्याला मी दया म्हणत नाही. ते माझ्या एका घाईच्या उत्तराचे कर्ज आहे.

सूरह अनआमच्या 38व्या आयतीत अल्लाहने भूमीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या जीवांना आपल्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. तेव्हा दाराशी मांजर आले तर प्रथम वाटीभर पाणी ठेवा. दार उघडून आत घेण्यापूर्वी मात्र थोडे थांबा आणि हे प्रश्न स्वतःला विचारा. ‘नाही’ असे उत्तर आले तरी अपराधी वाटून घेऊ नका. वाटी रोज भरत राहा. ‘हो’ असे आले तर अल्लाहचे नाव घेऊन ती अमानत शेवटपर्यंत निभवा.

अल्लाह आपल्याला दयाही देवो आणि ती पार पाडण्याचे बळही देवो. आमीन.