'ळ'चा 'ल' आणि 'र'चा 'ल'

इंदूरच्या मराठी घरांत 'शाळा'चे 'शाला' आणि 'बाळ'चे 'बाल' होते, ही तक्रार जुनीच आहे. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. मूल दिवसभर हिंदी ऐकते आणि त्याला जवळचा वाटणारा 'ल' वापरते. हा उच्चारभेद झाला, दोष नव्हे. पण 'राम'ला 'लाम' म्हणणारे सहा-सात वर्षांचे मूलही आपण 'हिंदीचा परिणाम' याच खात्यात टाकतो, तेव्हा त्याचे नुकसान होते. हिंदीत तर 'र' भक्कम आहे. परिणाम येईल कुठून?

म्हणून मुलाच्या दोन्ही भाषा ऐकाव्यात. आमच्या शेजारची एक मुलगी 'शाला' म्हणे, आणि हिंदीत 'रोटी'ला 'लोटी'. पहिल्यासाठी घरचे मराठी पुरेसे होते, दुसऱ्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञ हवा होता. घरात मात्र वेखंड उगाळून चाटवणे चालू होते. पाठांतर स्पर्धेत हशा पिकला, आणि त्यानंतर तिने वर्गात हात वर करणेच सोडले.

उपचारात आधी श्रवणचाचणी होते. जे नीट ऐकू येत नाही ते उच्चारणार कसे? मग चित्रे दाखवून 'राख-लाख', 'रात-लात' हा फरक कानाने ओळखायला शिकवतात. त्यानंतर सुटा ध्वनी, अक्षर, शब्द, वाक्य आणि शेवटी गप्पा. ही शेवटची पायरी फार चिवट. तज्ज्ञासमोर स्वच्छ 'र' म्हणणारे मूल जिना उतरताना पुन्हा 'लिक्षा' म्हणते. रोजचा थोडा घरचा सराव इथेच कामी येतो. रागावणे येत नाही.

'ळ'चे काम त्या मानाने सोपे, आणि भाषाशिक्षकाच्या आवाक्यातले. 'घोडा', 'गाडी' म्हणताना जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागते. 'ळ'ला वळण तेच, फक्त हवा जिभेच्या कडांनी जाऊ द्यायची. हिंदी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडात निम्मा 'ळ' आधीच असतो. 'कडी-कळी', 'वाडा-वाळा' अशा जोड्या म्हणून घ्याव्यात. (वाघीण पिल्लाला दातांत धरते, पण दुखवत नाही आणि पाडतही नाही, तसे वर्ण उच्चारावेत असे पाणिनीय शिक्षा सांगते. शिकवणाऱ्यालाही ते लागू पडावे.)

आपल्या पाठांतर स्पर्धांच्या परीक्षकांना एक विनंती. 'ळ'चे गुण जरूर कापा. पण शाळकरी मुलाचा 'र' अजूनही अडत असेल, तर निकालानंतर पालकांना बाजूला घेऊन तेवढे सांगा.