कथेतल्या माणसांना लेखक दुःखात का लोटतो?

प्रश्न : ‘नटसम्राट’मधल्या अप्पासाहेबांचे एवढे हाल करायची गरज होती का? – एक वाचक, निरगुडसर (ता. आंबेगाव)

उत्तर : सुखात स्वभाव झाकून जातो, संकटात तो उघडा पडतो. पात्राला अडचणीत आणण्याचे हे पहिले कारण. वि. वा. शिरवाडकरांच्या या नाटकात (१९७०) अप्पासाहेब बेलवलकर सारी मिळकत मुलांना वाटून टाकतात आणि पुढे मुलीच्याच घरी त्यांच्यावर चोरीचा आळ येतो. नुसते दारिद्र्य दाखवूनही प्रेक्षक हळहळला असता. पण रंगभूमीवर राजा म्हणून वावरलेल्या माणसाची अब्रू जाते, तेव्हा ती त्याला किती मोलाची होती ते कळते.

कधी दुःख समाजाकडे बोट दाखवते. हरी नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’मध्ये यमू स्वतःच आपली कहाणी सांगते. लहानपणापासून ओळखीची झालेली ही मुलगी विधवा होते, तिचे जबरदस्तीने केशवपन होते. मग ‘रूढीच आहे’ म्हणून वाचकाला हात झटकता येत नाहीत.

मात्र सलग रडगाणे मन बधिर करते. जुन्नर तालुक्यातले नारायणगाव तमाशाची पंढरी. तिथल्या फडांच्या वगात गंभीर प्रसंगांमध्ये सोंगाड्या हशा पिकवतो, तो उगाच नव्हे.

मालिकेतल्या नायिकेवर दर आठवड्याला नवे संकट कोसळते आणि ती तसूभरही बदलत नाही, तेव्हा तो छळ फक्त भाग वाढवण्यासाठी असतो. अप्पासाहेबांचे तसे नाही.