आजीचा ‘शांबा’

वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घेताना त्यांच्या तोंडचा शब्द बदलू नये. याबाबत माझीच चूक सांगते.

माझ्या आजीची तरुणपणाची काही वर्षे युगांडातील कंपाला शहरी गेली. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने तेथील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा ती गोव्यास परतली. पदवी मिळताच मी मोठ्या उत्साहाने तिच्या आठवणी टिपल्या. ती कोंकणीत सांगे; मी ‘शुद्ध’ मराठीत लिही. घरामागे तिने केळी लावलेल्या जागेस ती ‘शांबा’ म्हणे. मी ‘मळा’ असे लिहिले. शांबा हा स्वाहिली शब्द. आफ्रिकेतील वर्षे त्या शब्दात मुरली होती, ती मी लेखणीच्या एका फटकाऱ्याने पुसली. वही वाचून दाखविली तेव्हा ती एवढेच म्हणाली, “हें कोण उलयता?” पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

‘परदेश कसा होता?’ असे विचारू नका. ‘बरा होता’ एवढेच उत्तर मिळते. पेटीत काय भरले, बोटीवर काय खाल्ले, मागे काय टाकून यावे लागले, हे विचारा. साल आठवत नसेल तर ‘१९६१ साली गोवा मुक्त झाला, त्याआधी की नंतर?’ असे विचारावे. आजोबा एक सांगतील, काकी दुसरेच. दोन्ही लिहा, ज्याच्या-त्याच्या नावानिशी.

आजीच्या वहीच्या समासात मी हल्ली तिचे शब्द आठवून लिहीत असते. आजवर सतरा भरले.