आभासी प्रयोगशाळा आणि परवान्याची किल्ली

कुंडी भंडाऱ्याचे पाणी एका उगमापासून भुयाराने कुंडीकुंडीत पोहोचते, हे शनवाऱ्यातील मुलेही जाणतात. विद्यापीठांतील आभासी संगणक-प्रयोगशाळेची रचना काहीशी अशीच होय. मुख्य यंत्रांवर एक नमुना-प्रत सिद्ध करतात. तिच्या नकलांमधून शेकडो आभासी संगणक उभे राहतात.

परंतु विंडोज कार्यप्रणालीचा परवाना प्रत्येक नकलेवर सक्रिय व्हावा लागतो. त्याच्या मुख्य रीती दोन. पहिलीतील किल्ली ठरावीक वेळाच चालते. रोज पुसून नव्याने घडणाऱ्या यंत्रांवर ती पाहता पाहता संपते. दुसरीत संस्थेच्या जाळ्यातील एक सेवा-संगणकच इतरांस मंजुरी देतो. ही मंजुरी 180 दिवस टिकते, आणि यंत्र दर 7 दिवसांनी नूतनीकरणाचा यत्न करते. आभासी प्रयोगशाळेस हीच रीत सोयीची.

मात्र निदान 25 निरनिराळी यंत्रे मोजली गेल्यावाचून विद्यार्थ्यांच्या यंत्रांस मंजुरी मिळत नाही. नमुन्याची ओळखखूण तशीच ठेवून नकला काढल्या, तर शंभर यंत्रेही एकच गणली जातात! यास्तव नक्कल करण्यापूर्वी ‘सिसप्रेप’ चालवावे आणि 1688 क्रमांकाचे पोर्ट खुले ठेवावे.

चोरीच्या किल्लीचा मोह संस्थांनी कटाक्षाने टाळावा. पैसा नसेल तर उबुंटूसारखी मुक्त प्रणाली घ्यावी. तीस अशा मंजुरीची गरजच नाही. ज्या खोलीत मुले विद्या शिकतात, तेथील साधनही सचोटीचे असावे, असे आम्हांस वाटते.