पडायलाही शिकू या

1908 पासून जपानी शेतकरी कुटुंबे ब्राझीलच्या कॉफीमळ्यांत मजुरीला गेली. त्यांनी तिथे ज्युदो रुजवला. जपानहून आलेल्या चियाकी इशी यांनीच 1972 मध्ये ब्राझीलला ज्युदोतले पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले. आपल्या देशात ताकागाकी गुरुजींनी 1929 पासून शांतिनिकेतनात ज्युदो शिकवला, मुलीही शिकल्या.

ज्युदोचा पहिला धडा पडण्याचा. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, हात मागे टेकायचा नाही. डोके आणि मनगट वाचते.

पावसाळ्यात मिरा-भाईंदरच्या आपल्या वस्त्यांतल्या गल्ल्या निसरड्या होतात. विहारात जाड गादी घालून, जाणत्या प्रशिक्षकाकडून आपण मुला-मुलींना हे शिकवू या. डोक्याला मार लागून उलटी किंवा गुंगी आली, तर लगेच रुग्णालय गाठू या. जय भीम!