चौदाशे वर्षं आणि एक कोरं पत्र

॥ श्री सद्गुरु प्रसन्न ॥
*साप्ताहिक अभ्यास : दीर्घायुष्य*



"शतायुषी हो" हा आशीर्वाद आता खरा होऊ लागलाय. स्वातंत्र्याच्या वेळी देशाचं सरासरी आयुर्मान जेमतेम 32 वर्षं होतं, कारण कितीतरी लेकरं तान्हेपणीच जायची. आज ते 70 च्या आसपास आहे. फ्रान्समधल्या एक बाई 122 वर्षं जगल्या. शास्त्रज्ञ तर म्हातारपणच लांबवायच्या मागे आहेत. उद्या माणूस दीडशे वर्षं जगला तर? आपल्याकडे हा विचार फार आधी झालाय.

*1) ययाती* – शापानं आलेलं म्हातारपण धाकट्या पुरूला देऊन त्याचं तारुण्य घेतलं. हजार वर्षं भोगूनही इच्छा संपली नाही, शेवटी तारुण्य आणि राज्य दोन्ही पुरूला दिलं. बघा, बापाचं वाढीव आयुष्य मुलाच्या वाट्यातून आलं होतं.

*2) चांगदेव* – योगबळानं चौदाशे वर्षं जगले अशी कथा. ज्ञानेश्वर वयानं लहान, ज्ञानानं मोठे. मायना काय लिहावा कळेना, म्हणून कोरंच पत्र पाठवलं. उत्तरात माउलींनी 65 ओव्या लिहिल्या. पुढे चांगदेवांनी गुरू केलं ते लहानग्या मुक्ताबाईंना. माउलींनी तर 1296 साली, ऐन विशीत समाधी घेतली.

*3) महर्षी कर्वे* (1858–1962) – 58 व्या वर्षी महिला विद्यापीठ काढलं, 78 व्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ. शंभरीत भारतरत्न.

म्हणजे वर्षं वाढणं हे ना पुण्य, ना पाप. ती कुणाच्या वाट्यातून येतात आणि कुणाच्या उपयोगी पडतात, हे महत्त्वाचं.

आता आपल्या खासबागेतल्या घरांत बघू. साठीची सून पंच्याऐंशीच्या सासूबाईंचं सगळं करते, तिचेही गुडघे दुखतात. मुलं पुण्या-बेंगळूरला. सेवा हा धर्म खराच, पण तो एकट्या सुनेचा नव्हे. मुलगा, लेक, नातवंडं सगळ्यांनी वाटून घ्यावा, नाहीतर ती पुरूच होते की हो! आणि मोठ्यांनी हातपाय चालतात तोवरच किल्ल्या आणि निर्णय पुढच्या पिढीकडे सोपवावेत. वानप्रस्थ म्हणजे जंगलात जाणं नव्हे, जागा करून देणं.

*आठवड्याचं चिंतन :*
• माझं म्हातारपण मी कुणावर टाकलंय?
• आणखी दहा वर्षं मिळाली तर ती कुणाला देईन?

उत्तर वहीत लिहा, ग्रुपवर टाकू नका.

जय गुरुदेव 🙏