बारा महिन्यांचे पोट

प्रस्तावना

गोव्याचे नाव उच्चारताच निळा समुद्र, रुपेरी वाळू आणि माडांच्या रांगा डोळ्यांसमोर उभ्या राहतात. याच वाळूवर माळा विकत फिरणारी लहान मुलेही आढळतात. संपन्न राज्यात मुलांच्या वाट्याला दारिद्र्य का येते, याचा शोध प्रस्तुत वैचारिक लेखात घेतला आहे.

मूळ पाठ

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला. ३० मे १९८७ रोजी त्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला. पुढील काळात तेथील पर्यटन झपाट्याने वाढले. लोहखनिज हा राज्याचा दुसरा मोठा आधार होता. परंतु २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या व पर्यटनावरील भार अधिकच वाढला. दरडोई उत्पन्नात गोव्याची गणना देशातील आघाडीच्या राज्यांत होते. तथापि, दरडोई उत्पन्न म्हणजे केवळ सरासरी. श्रीमंताची तिजोरी आणि मजुराची रिकामी थाळी सरासरीत एकत्र मिसळून जातात.

पर्यटनाचा हंगाम साधारणतः ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि मेअखेर ओसरतो. पावसाळ्यात समुद्र खवळतो; किनाऱ्यावरील ‘शॅक’ नावाची तात्पुरती उपाहारगृहे उतरवली जातात. भांडी घासणारा, खोल्या झाडणारी, सामान वाहणारा अशा अनेकांचे काम तेव्हा थांबते. त्यांतील कित्येक जण कंत्राटदारामार्फत लागलेले असतात. त्यांना ना नोकरीची शाश्वती, ना रजेचा पगार. वेतन आठ महिन्यांचे, पोट मात्र बारा महिन्यांचे! शिवाय पर्यटनाच्या गावी घरभाडे आणि मासळी यांचे भाव पाहुण्यांच्या खिशाकडे पाहून चढतात. मजुराला मात्र आपल्या मजुरीतच भागवावे लागते.

कर्नाटकातून येणारी काही लमाणी कुटुंबे हंगामात किनाऱ्यावर कपडे आणि माळा विकतात. आईवडिलांबरोबर मुलेही येतात. गावच्या शाळेचे वर्ष अर्ध्यावर सुटते. गावी कन्नडमधून शिकलेल्या मुलाच्या कानी येथे कोकणी व मराठी पडते. वर्गापेक्षा वाळू त्याला जवळची वाटू लागते. मोठ्यांच्या कमाईत घर भागत नाही, म्हणून मुलाच्या हाती माळांची जुडी येते. शिक्षण सुटल्यामुळे तो मोठेपणी अकुशल मजूर होतो आणि बापाच्याच मजुरीवर येऊन थांबतो. शिवाय मूल स्वस्तात राबते, तेथे मोठ्या माणसाला वाजवी मजुरी कोण देणार? अशा रीतीने दारिद्र्य वारशाने पुढे जाते.

कायद्याने या प्रश्नाकडे डोळेझाक केलेली नाही. १९४८ च्या कायद्याने किमान वेतनाचे तत्त्व मान्य केले. गोव्याने २००३ मध्ये बालकांसाठी स्वतंत्र कायदा करून बालन्यायालयाची तरतूद केली. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेले, धाबे आणि घरकाम यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास देशभर बंदी आली. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. २०१६ च्या दुरुस्तीने बालमजुरीवरील बंदी व्यापक केली. मात्र शाळेची वेळ सोडून कुटुंबाच्या व्यवसायात मदत करण्याची मुभा ठेवली. आईशेजारी माळा विकणारे मूल ‘मजूर’ की ‘मदतनीस’, हा प्रश्न त्यामुळे अवघड होऊन बसतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि भर हंगामात किनारे ओस पडले. एकाच व्यवसायावर विसंबलेल्या घरांची चूल किती कच्च्या आधारावर पेटते, हे तेव्हा साऱ्या देशाने पाहिले.

ही स्थिती केवळ गोव्याची नाही. छत्तीसगडात अभनपूरजवळच्या राजिम येथे महानदीच्या संगमावर माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत मेळा भरतो. तेथे तर हंगाम जेमतेम पंधरवड्याचा! जेथे जेथे पाहुण्यांवर पोट अवलंबून असते, तेथे तेथे उरलेल्या दिवसांची तरतूद कशी करावी, हा प्रश्न उभा राहतो.

मुलाच्या हातावर नाणे ठेवणाऱ्या पर्यटकाची दया खोटी नसते; पण त्या नाण्यामुळे मूल उद्याही वाळूवरच थांबते. मुलाला वर्गात आणायचे असेल, तर त्याच्या आईच्या हाती पुरेसे वेतन पडले पाहिजे, पावसाळ्यात कुटुंबाला दुसरे काम मिळाले पाहिजे आणि वर्षाच्या मध्यावर आलेल्या मुलालाही शाळेने सामावून घेतले पाहिजे. मुलाच्या शिक्षणाची वाट मोठ्यांच्या मजुरीतून जाते.

शब्दार्थ

शाश्वती – खात्री
अकुशल – विशेष कौशल्य नसलेला
मुभा – मोकळीक
तरतूद – आधी केलेली व्यवस्था

स्वाध्याय

१. ‘वेतन आठ महिन्यांचे, पोट मात्र बारा महिन्यांचे’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
२. दारिद्र्य वारशाने पुढे कसे जाते, ते पाठाच्या आधारे लिहा.
३. २०१६ च्या दुरुस्तीमुळे कोणता प्रश्न अवघड झाला?
४. तुमच्या परिसरातील एखाद्या हंगामी व्यवसायाची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.